माणूस बदलतो का? व्ही. शांताराम यांचा जन्मभराचा प्रश्न

सौदी अरेबियात १९८०च्या दशकाच्या आरंभापासून सार्वजनिक चित्रपटगृहे नव्हती. नोकरीनिमित्त दम्माम, खोबर, जुबैल येथे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांसाठी चित्रपट म्हणजे घरातील व्हिडिओ कॅसेट, किंवा १९८६ साली समुद्रावरचा पूल खुला झाल्यानंतर आठवड्याच्या सुटीत पंचवीस किलोमीटर ओलांडून गाठलेले बहारीन. १८ एप्रिल २०१८ रोजी रियाधच्या किंग अब्दुल्ला वित्तीय वसाहतीतील चित्रपटगृहाचे दार उघडले आणि पस्तीसहून अधिक वर्षांचा खंड संपला. अंधारात अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पडद्यावरच्या माणसाच्या सुखदुःखाचा विचार करणे ही साधी गोष्ट नाही, हे त्या दिवशी अनेकांना नव्याने जाणवले असेल.

अशाच एका दाराशी, मात्र शंभर वर्षांपूर्वी आणि हुबळीच्या पत्र्याच्या चित्रपटगृहात, एक कोल्हापूरचा पोरगा द्वारपालाचे काम करीत होता. दिवसा रेल्वेच्या कारखान्यात राबायचे आणि संध्याकाळी तिकिटे तपासून लोकांना आत सोडायचे, हा त्याचा क्रम. खेळ सुरू झाला की त्यालाही आत उभे राहून तोच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहता येई. प्रेक्षक कोठे हसतात, कोठे गप्प होतात, कोठे चुळबुळ करतात, हे त्याने प्रथम तेथे पाहिले. शांताराम राजाराम वणकुद्रे असे त्याचे नाव. पुढे अवघा देश त्याला व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला.

शांतारामबापूंचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. वडील राजाराम जैन, आई कमल हिंदू. दोन धर्मांच्या आचारविचारांत वाढलेल्या या मुलाला कोणत्याही एका कर्मकांडाचे फार कौतुक वाटू नये, हे स्वाभाविक म्हणावे लागेल. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण अर्धवट. गंधर्व नाटक मंडळीत काही काळ उमेदवारी झाली, मग हुबळी, आणि १९२०च्या सुमारास मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत प्रवेश.

या कंपनीचे मालक बाबूराव पेंटर म्हणजे स्वतःचा कॅमेरा स्वतः घडविणारे कलामहर्षी. त्यांच्या हाताखाली शांतारामांनी झाडलोटीपासून अभिनयापर्यंत सर्व केले. ‘सिंहगड’मध्ये ते शेलारमामा झाले. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जाखाली चिरडल्या जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका केली. पौराणिक चमत्कारांच्या त्या काळात सावकाराने जमीन बळकावलेला आणि शहराची वाट धरणारा शेतकरी पडद्यावर आला, ही घटना मोठी होती. देवदेवतांऐवजी आपल्या गावचा माणूस हाच विषय होऊ शकतो, हा धडा शांतारामांनी येथे घेतला. मात्र तो लगेच वापरला नाही, हेही नमूद करायला हवे. १९२७ साली दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली ती ‘नेताजी पालकर’ या ऐतिहासिक मूकपटासाठी.

१ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पहिले मूकपट झाले आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट प्रदर्शित झाला. सत्यासाठी राज्य, पत्नी, मुलगा सर्व गमावणाऱ्या हरिश्चंद्राची ही कथा. पुढच्याच वर्षी ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा खटाटोप झाला, त्यासाठी शांताराम जर्मनीला गेले; पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रयोग फसला. त्या प्रवासातून रंग हाती लागले नसले तरी छायाप्रकाशाची जर्मन दृष्टी मात्र त्यांच्याबरोबर आली.

१९३३ साली प्रभात पुण्यास आली. नव्या स्टुडिओतला ‘अमृतमंथन’ (१९३४) हा चित्रपट पाहिला की जर्मनीतून काय आले ते कळते. नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. अवंतीचा राजा देवीपुढील बळी बंद करतो आणि संतप्त राजगुरू त्याच्या हत्येचा कट रचतो. हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचा एक डोळा दूरदर्शी भिंगातून सारा पडदा व्यापून टाकतो, ते दृश्य भारतीय चित्रपटाच्या इतिहासात कायमचे बसले आहे. पण खरा प्रश्न डोळ्याच्या मागे आहे. राजगुरू लबाड नाही. त्याची श्रद्धा अस्सल आहे आणि म्हणूनच तो भयंकर आहे. शेवटी तो स्वतःचेच मस्तक देवीला अर्पण करतो. दुष्टपणापेक्षा दृढ निष्ठा अधिक घातक ठरू शकते का, असे विचारणारा खलनायक त्यापूर्वी आपल्याकडे क्वचितच झाला असेल.

त्यानंतर बालगंधर्वांना घेऊन एकनाथांवर चित्रपट आला. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या संताची ही कथा ‘महात्मा’ या नावाने यायची होती. नावातून गांधीजींचे स्मरण होते म्हणून सरकारी परीक्षकांनी हरकत घेतली आणि तो ‘धर्मात्मा’ झाला. १९३७, १९३९ आणि १९४१ या तीन वर्षांत मात्र शांतारामांनी पुराण आणि इतिहास बाजूला ठेवून समकालीन माणसाकडे थेट पाहिले. त्यांच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीतील हा काळ सर्वांत संपन्न, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘कुंकू’ची कथाही आपट्यांचीच, ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. मामाने फसवून एका तरुण मुलीचे लग्न वयस्क वकिलाशी लावून दिले आहे. नीरा हे लग्न मानण्यास ठाम नकार देते. ती रडत बसत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून पत्नीपण नाकारते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब यांच्यातील हा संघर्ष पाहताना प्रेक्षकाची सहानुभूती हळूहळू दोन्हीकडे वाटली जाते, ही दिग्दर्शकाची खरी कमाई. काकासाहेबांच्या भिंतीवरचे जुने घड्याळ कुरकुरत चालते, अडखळते. आपले वय, आपला अधिकार आणि आपला अन्याय हे तिन्ही त्या घड्याळात दिसू लागतात तेव्हा तो म्हातारा आतून बदलतो आणि आपल्या मृत्यूने मुलीला मोकळी करतो. या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. भांडी, पावले, घड्याळ, रस्ता यांचे आवाज तेवढे आहेत. अन्याय सोसणाऱ्याने बंड करावे हे समजण्यासारखे; पण अन्याय करणाऱ्याला आपला अन्याय स्वतःहून दिसू शकतो का? ‘कुंकू’ हा प्रश्न काकासाहेबांना विचारतो, नीरेला नव्हे. रियाधच्या रस्त्यांवर २०१२ सालचा ‘वजदा’ चित्रित करताना हैफा अल मन्सूर यांनी एका मुलीच्या सायकलच्या हट्टातून सारा समाज दाखविला. घरातल्या एका साध्या वस्तूला बोलते करण्याची तीच रीत पुण्यात पंचाहत्तर वर्षे आधी अवलंबिली गेली होती, याची मराठी प्रेक्षकाला आठवण व्हावी.

‘माणूस’ हा १९३९ सालचा चित्रपट बऱ्याच अंशी ‘देवदास’ला दिलेले उत्तर आहे. १९३५ साली प्रमथेश बरुआंच्या देवदासने देशभरच्या तरुणांना प्रेमभंगात झुरून मरण्याचे सौंदर्य दाखविले होते. शांतारामांना ते पटले नाही. त्यांचा नायक गणपत हा साधा पोलीस शिपाई. जुगाराच्या अड्ड्यावरील छाप्यात तो मैना नावाच्या वेश्येला वाचवितो आणि तिच्या प्रेमात पडतो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी या दोघांना हाडामांसाचे केले. गणपत तिला घरी, आपल्या भाविक आईकडे नेतो. समाजाने दार बंद केले असते तर कथा सोपी झाली असती. येथे दार उघडे आहे आणि मैनाच आत पाऊल टाकू शकत नाही. भूतकाळ तिच्या अंगाला चिकटला आहे. पुढे पैशासाठी छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते, आणि गणपत तिला पळवून नेण्याची तयारी करतो तेव्हा ती नकार देते. प्रेमासाठी मरण्याचा मोह झालेला गणपत शेवटी आपल्या कामावर परततो. जगण्यासाठी प्रेम आहे, प्रेमासाठी जगणे नव्हे, असा या चित्रपटाचा कल. तरीही मैनेच्या वाट्याला आलेला तुरुंग प्रेक्षकाला सुटकेचा श्वास घेऊ देत नाही. माणूस बदलू इच्छितो आणि तरीही बदलू शकत नाही, तेव्हा दोष कोणाचा? शांतारामांनी येथे उत्तर दिले नाही, आणि ते न दिल्यामुळेच ‘माणूस’ आजही जुना वाटत नाही.

तिसरा चित्रपट ‘शेजारी’, विश्राम बेडेकर यांच्या लेखणीचा. मार्च १९४० मध्ये लाहोरला स्वतंत्र मुस्लिम राज्यांचा ठराव झाला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी जिवा पाटील व मिर्झा या दोन जिवलग शेजाऱ्यांची कथा पडद्यावर आली. गावाजवळ धरण व्हायचे आहे. जमिनी हव्या असलेल्यांना या दोघांची मैत्री अडसर ठरते, म्हणून संशयाचे बी पेरले जाते. माणसे वाईट नसतात आणि तरीही एका खोट्या आळाने चाळीस वर्षांचा स्नेह कसा तुटतो, हे दाखविताना दिग्दर्शकाने घाई केलेली नाही. धरण फुटते तेव्हा एकमेकांकडे धावलेले दोघेही पाण्यात एकत्र संपतात. मराठीत केशवराव दाते पाटील झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी ‘पडोसी’त जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू ठाकुराची भूमिका मझहर खान यांच्याकडे गेली. हिंदू नट मुसलमान आणि मुसलमान नट हिंदू, ही योजना शब्दांवाचून बरेच सांगून जाते. सहा वर्षांनी देशाची फाळणी झाली.

या तीन चित्रपटांचा दिग्दर्शक पुढच्या वर्षी प्रभातमधून बाहेर पडला. व्यवसायातील मतभेद होते आणि खासगी कारणेही होती. १९२१ साली विमलाबाईंशी विवाह झालेल्या शांतारामांनी १९४१ साली अभिनेत्री जयश्री यांच्याशी दुसरा विवाह केला. १९५६ साली जयश्री विभक्त झाल्या आणि संध्या यांच्याशी त्यांचा तिसरा विवाह झाला. पतीच्या अधिकाराला आव्हान देणारा ‘कुंकू’ ज्यांनी घडविला त्यांच्याच घरी एका पत्नीच्या हयातीत दुसरी पत्नी आली, ही विसंगती त्यांच्या चरित्रकाराने झाकून चालणार नाही. पडद्यावर काकासाहेबांना दिसलेला आरसा दिग्दर्शकाने स्वतःपुढे किती वेळा धरला असेल, हे बाहेरच्या माणसाने ठरविणे कठीण. एवढे मात्र खरे की या काळानंतर त्यांच्या चित्रपटांतील स्त्री नीरेइतकी ताठ मानेची क्वचितच राहिली. बहुतेक वेळा ती नर्तकी झाली.

१९४२ साली मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभे राहिले. वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांतून संस्थेचे नाव साधले होते. पहिला चित्रपट ‘शकुंतला’ स्वस्तिक चित्रपटगृहात दोन वर्षे चालला. १९४६ साली त्यांनी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची कथा पडद्यावर आणली आणि नायकाची भूमिका स्वतः केली. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी कोटणीस एक. तेथेच रुग्णसेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. परक्या भूमीत परक्या माणसांसाठी झिजणाऱ्या या डॉक्टरची कथा परदेशी रुग्णालयांत काम करणाऱ्या मराठी माणसाला वेगळ्याच जवळिकीने भिडते. त्यानंतर ‘अमर भूपाळी’, पाठोपाठ रंगीत ‘झनक झनक पायल बाजे’ ही नृत्यसंगीताची आतषबाजी. लोकांनी ती डोक्यावर घेतली. विचार करणाऱ्या प्रेक्षकाला मात्र जुना शांताराम हरवल्यासारखा वाटू लागला होता.

तो परतला १९५७ साली, पुन्हा कृष्णधवल छायाचित्रणासह. ‘दो आँखें बारह हाथ’चे मूळ एका खऱ्या प्रयोगात आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू केली. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याची. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना बेड्या आणि भिंतींशिवाय शेती करू द्यावी, जमल्यास कुटुंबासह राहू द्यावे, आणि विश्वास हाच पहारा समजावा, असा तो प्रयोग होता. आटपाडीच्याच मुलखातले ग. दि. माडगूळकर यांनी या बीजातून कथा रचली. तुरुंगाधिकारी आदिनाथ सहा खुन्यांना घेऊन एका उजाड माळावर जातो. सहा जणांचे बारा हात आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे त्याचे दोन डोळे. कैदी पळून जायला निघतात, परत येतात. हात उगारतात, खाली घेतात. ते चांगले कसे होतात याविषयी चित्रपट व्याख्यान देत नाही. नांगर, विहीर, भाजीचा वाफा, बाजारातला भाव यांतून बदल घडत जातो. स्वस्तात भाजी विकून बाजार मोडल्याचा राग धरलेला व्यापारी शेवटी शेतात बैल सोडतो आणि त्यांना अडविताना आदिनाथ मरण पावतो. माणसे नवी झाली, पण किंमत दुसऱ्याने मोजली. आता डोळे मिटल्यावर हातांचे काय होणार, या प्रश्नावर प्रेक्षक बाहेर पडतो.

बैलाशी झुंजीचे दृश्य शांतारामांनी स्वतः केले आणि त्यात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून अंधारात पडून राहण्याची वेळ आली. दृष्टी परत येईल की नाही, याची खात्री नव्हती. डोळे या अवयवावर दोन थोर चित्रपट उभारलेल्या माणसावर हा प्रसंग यावा, याला योगायोगच म्हणायचे. दृष्टी परतली. त्या अंधारात मनाला दिसलेल्या रंगांतून पुढचा ‘नवरंग’ सुचल्याचे त्यांनी त्या चित्रपटाच्या आरंभीच सांगितले आहे. ‘दो आँखें’ला १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले, मायदेशी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, आणि वसंत देसाईंच्या चालीतली त्यातील प्रार्थना देशभरच्या शाळांतून गायिली जाऊ लागली. स्वतंत्रपूरची खुली वसाहत आजही आहे.

साठच्या दशकातील चित्रपटांकडे थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. भव्य देखावे, नृत्ये, उधळलेले रंग. विचार पातळ होत गेला. सत्तरी ओलांडण्याच्या बेतात असताना शांतारामबापू मराठीकडे वळले आणि १९७२ साली ‘पिंजरा’ आला. १९३० सालच्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाची छाया त्यावर आहे, आणि तोही हाइनरिख मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीवरून केलेला. पण शंकर पाटलांच्या संवादांनी आणि राम कदमांच्या संगीताने ही कथा पूर्णपणे या मातीतली झाली. गावाला नीतीचे धडे देणारे गुरुजी तमाशाच्या फडाला गावाबाहेर हाकलतात आणि अखेर त्याच फडातल्या चंद्रकलेच्या मागे सर्वस्व गमावतात. डॉ. श्रीराम लागूंचे हे पडद्यावरचे गुरुजी विसरता येत नाहीत. गावाला वाटते की गुरुजींचा खून झाला. त्यांचा पुतळा उभारला जातो, पूजा होते. जिवंत गुरुजी फडावर हलकी कामे करीत हिंडत असतात, आणि शेवटी गुरुजींच्या खुनाचा आरोप त्यांच्यावरच येतो. आपण कोण हे सांगितले तर प्राण वाचतील, पण गावाची श्रद्धा कोसळेल. ते गप्प राहतात आणि फाशी जातात.

‘दो आँखें’मध्ये खुनी माणसे सज्जन झाली, ‘पिंजरा’त सज्जन माणूस स्वतःच्याच पुतळ्यासाठी मेला. पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच दिग्दर्शकाने एका प्रश्नाची दोन टोके धरली आहेत. तरुणपणी त्यांना बदलाची आशा वाटली आणि वार्धक्यात ती मावळली, असा सरळ अर्थ काढण्याचा मोह होतो. पण गुरुजींचे मौन हाही एक बदलच नव्हे का? घसरल्यानंतर त्यांना प्रथमच खरे गुरुजी होता आले, असे म्हणणारेही प्रेक्षक आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज मोडून काढता येत नाही.

१९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार शांतारामांना मिळाला. ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ऐंशी उलटल्यावरही ‘झांझर’ हा चित्रपट त्यांनी पुरा केला. तो चालला नाही. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि १९९२ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. ‘अमृतमंथन’ ज्या आवारात घडला त्या पुण्याच्या प्रभात स्टुडिओत आता राष्ट्रीय चित्रपट शिक्षणसंस्था आहे. तेथील जुन्या चित्रीकरणगृहात आजही विद्यार्थी दिवे लावून आपली पहिली दृश्ये घेतात, आणि आवारातील लहानशा तळ्याला शांतारामांच्याच नावाने ओळखतात.